आतच जोडलेल्या दोन पिना

आज सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि बीडच्या वर्कशॉपातला सलीम आठवला. इतक्या वर्षांनीही पोटात दुखलंच.

वडवणीच्या कापसाच्या जिनिंगमधला, वजनकाट्याला जोडलेला प्रिंटर पावतीवरची अक्षरं गाळत होता. प्रिंटरची मेमरी भरली की एका वायरीवरून ‘थांब’ सांगतो, आणि मी लिहिलेल्या ड्रायव्हर प्रोग्रॅमनं थांबायचं असतं. तो थांबत नव्हता. तीन दिवस मी कोड उकरत बसलो. मी इंजिनियर, सलीम दहावी.

त्यानं केबलचं टोपण उघडलं. “सायेब, ह्या दोन पिना हितंच जोडल्यात. तुमी इचारता ‘पाठवू का’, अन् तुमचंच बोलणं ‘पाठव’ म्हणून वापस येतंय. प्रिंटरची वायर तर लावलीच न्हाई.”

आमच्याकडे साध्या केबली अशाच बनवत. सवयीनं हीसुद्धा मीच तशी बनवली होती, आणि सलीमनं ते पाहिलं होतं.

वर्कशॉपच्या मालकांनी विचारलं, “काय झालतं रे?”

“केबल खराब होती,” सलीम म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच्या हुशारीचा हेवा कधीच ओसरला. ते एक वाक्य मात्र अजून सलतं. त्याच्या जागी मी असतो, तर नाव सांगितलं असतं.