ज्वालामुखीच्या काठावरचा कोबी

आमच्या घरची पहिली परदेशवारी थेट ज्वालामुखीवर कशी जाऊन पोचली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी ठरवलं होतं समुद्राकाठचं हॉटेल. पण इंडोनेशियात एका धुमसत्या डोंगराच्या काठावर गणपती बसलेला आहे, असं आईनं कुठंतरी ऐकलं आणि झालं! माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याचं; तिला डोंगरावरच्या गणपतीला जाऊ नको म्हणून कोण सांगणार?

माझा डाव वेगळाच होता. दोन वर्षांपूर्वी भाव पडला तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिकअपभर टोमॅटो ओढ्यात ओतले, आणि त्या दिवसापासून पिंपरी पेंढारच्या आमच्या रानात पाऊल टाकलं नाही. त्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. ते रान कुणाला तरी वाट्यानं लावावं आणि दोघांनी माझ्याकडं पुण्याला राहायला यावं, एवढं मला त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. घरी विषय काढला की ते उठून जायचे. परदेशात उठून जाणार कुठं?

जीपनं राखेच्या मैदानात सोडलं. तिथून एका वाटाड्याबरोबर पायी. राख बुटात शिरत होती आणि डोंगराच्या पोटातून विहिरीवरची मोटर चालू असल्यासारखी घरघर येत होती. हा आवाज रोजचाच का, असं मी वाटाड्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. तो हसला. ते हसणं हो होतं की नाही, कळेना. शेवटी उभ्या पायऱ्या लागल्या. "लेण्याद्रीपेक्षा कमीच हायेत," म्हणून आई पुढं सटकली. गंधकाच्या वासानं माझा घसा धरला. दादांनी फवारणीच्या वेळी बांधतात तसा तोंडाला रुमाल गुंडाळला आणि निवांत चढत राहिले.

काठावर गणपती खरंच होता. आई त्याच्यापुढं बसली ती उठायचं नाव घेईना. जरा पलीकडं तिथलंच एक शेतकरी कुटुंब उभं होतं. नवऱ्यानं पोतं सोडलं आणि कोबी, बटाटे, कांद्याची पात, एकेक करून खालच्या धुरात फेकायला लागला.

दादा जागच्या जागी थबकले.

"अगं, हितंबी भाव पडला वाटतं," ते म्हणाले. त्यात थट्टा अजिबात नव्हती. मी अडवायच्या आत ते त्या माणसाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क मराठीत समजूत घालायला लागले. "पावणं, असं करू नगा. दोन दिस थांबा. चढतोय भाव."

तो माणूस भांबावला. त्याच्या बायकोला हसू आवरेना. वाटाड्या मधे पडला आणि त्यानं मला सांगितलं, यांचं पीक चांगलं आलंय, म्हणून डोंगराला त्याचा वाटा देतायत. मी ते दादांना सांगितलं.

"चांगलं आलंय, म्हून टाकत्यात?"

त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. कारण कठड्याच्या आत, खालच्या उतारावर, लांब काठीला जाळी लावून चारपाच माणसं उभी होती आणि वरून येणारी भाजी झेलत होती. डोंगराला दिलेलं हे लोक घरी नेणार, आणि देणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं!

त्या शेतकऱ्यानं पोत्यातला एक कोबी दादांच्या हातात दिला. तुम्हीही टाका, अशी खूण केली. दादा तो धरून नुसते उभे. तेवढ्यात वारा फिरला, धूर आमच्या अंगावर आला आणि वाटाड्या खाली चला म्हणून हात हलवायला लागला. मी घाबरून ओरडले, "टाका की दादा! टाका आणि चला!"

"न्हाई जमत," ते म्हणाले. "येकदा टाकलंय. परत हात उचलत न्हाई."

त्यांचे डोळे वाहत होते. गंधकानं सगळ्यांचेच वाहत होते. पण दोन वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द होते, आणि मला रडू फुटलं.

मग ते कठड्यावर ओणवे झाले. "ओ भाऊ!" अशी खाली हाक मारली. एकानं काठी उंच केली. दादांनी हात लांबवला आणि कोबी त्या जाळीत अलगद ठेवला, फेकला नाही. त्या माणसानं गड्डा हातात घेऊन दाबून पाहिला, घट्ट आहे का म्हणून, आणि मान डोलावली. माल पसंत पडल्यावर आमच्या बाजारातलं गिऱ्हाईक डोलावतं, अगदी तशी.

हा नैवेद्य पोचला की नाही, असं मी उतरताना वाटाड्याला विचारलं. तो पुन्हा हसला.

जीपपाशी आल्यावर दादांनी माझा फोन मागितला आणि गावाकडच्या रोपवाटिकेत लावला. "टोमॅटोची रोपं सांगून ठेवतो. लई नगं, अर्ध्या एकराची." फोन परत देताना माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला कायतरी बोलायचं व्हतं ना माझ्याशी?"

"काही नाही, दादा," मी म्हणाले आणि बुटातली राख झाडायला खाली बसले.