मॅडमच्या पर्समधली पेन्सिल

"तुमच्या पेन्सिली उचला आणि परत तोंड दाखवू नका," एवढंच काय ते मॅडम बोलायच्या राहिल्या होत्या.

सावेडीतलं त्यांचं आर्किटेक्टचं ऑफिस. टेबलावर माझ्या बाभळीच्या पेन्सिली रांगेत ठेवलेल्या, पंचनाम्याला ठेवाव्यात तशा. मॅडमनी एक उचलून मागचं बटण दाबलं. टकटक आवाज आला, शिसं आलंच नाही. दुसरीतून आलं, पण कागदाला टेकवताच मुकाट्याने आत गेलं.

"दिवाळीला सगळ्या क्लायंट्सना हीच भेट द्यायची होती मला. ट्रायललाच ही तऱ्हा?"

"शनिवारपर्यंत वेळ द्या, मॅडम."

"शनिवारपर्यंतच. नंतर मी सरळ मिठाईवाल्याला ऑर्डर देते."

आणि रविवारी राहात्याहून सखाराम मिस्त्री माझा लेथ न्यायला येणार होते. कंपनी बंद पडल्यावर मी घरामागच्या शेडमध्ये लाकडाचा लेथ टाकला होता. लेथवर लाकूड गरागरा फिरतं आणि आपण हत्यार धरून त्याला आकार देतो. लाटणी आणि पाळण्याच्या दांड्या करून भागेना, म्हणून पेन्सिलींकडे वळलो. ही ऑर्डर मिळाली तर लेथ राहील, नाहीतर तो विकून मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात उभं राहायचं, असं माझं आणि बायकोचं, मंगलचं, ठरलं होतं. दिवसभर खिळे मोजत बसणारा माणूस मी नव्हे.

आता पेन्सिलीचं सांगतो. आतली यंत्रणा मी बनवत नाही, ती किटमध्ये तयार येते. पितळी नळी, टोक, क्लिप आणि मेकॅनिझम. लाकडाला आरपार भोक पाडायचं, त्यात नळी चिकटवायची, लेथवर आकार द्यायचा आणि उरलेले भाग दाबून बसवायचे. मेकॅनिझमच्या तोंडाशी एक बारीक पितळी चिमटा असतो. बटण दाबलं की तो शिसं पुढे ढकलतो, सोडलं की घट्ट धरतो. चिमटा बिघडला की पेन्सिल म्हणजे नुसती काटकी.

पहिला संशय शिशावर. जाड शिशाच्या पेन्सिलीत कुणी बारीक शिसं घातलं तर ते घसरतंच. पण शिसं बरोबर होतं. मग वाटलं, नळीत गोंद उतरला असेल. टोकं काढून नळ्यांत ड्रिल फिरवून पाहिलं, स्वच्छ! मग मेकॅनिझम जास्त खोल दाबला गेला का ते मोजलं. तेही ठीक. माझं डोकं फिरलं. किट पाठवणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावून नाही नाही ते बोललो.

"साहेब, बाकी कुणाचीच तक्रार नाही," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या शांतपणाचा आणखी राग आला.

शुक्रवारी पेन्सिली पिशवीत घालून पुन्हा मॅडमकडे गेलो, हात टेकल्याचं सांगायला. बघतो तर मॅडम माझ्याच पेन्सिलीने रेघा मारतायत!

"ही कशी काय चालते?"

"ही उत्तम आहे. बाकीच्या अशा का नाही केल्यात?"

"अहो, सगळ्या एकाच लॉटच्या आहेत. ही कुठे असते?"

"माझ्या पर्समध्ये. दसऱ्याच्या आठवड्यात मी साइटवर होते, तेव्हा सोबत नेली होती."

म्हणजे घोळ माझ्या शेडमध्ये नव्हता, याच ऑफिसात होता. मी पिशवीतून एक बिघडलेली पेन्सिल काढली, टोक काढलं आणि चिमटा सुईने खरवडून कागदावर झटकला. लालसर कण पडले. गंज म्हणावा तर पितळ असं गंजत नाही. बोट ओलं करून चोळलं, तर बोट लालभडक झालं.

समोर भिंतीला टी-स्क्वेअर, नकाशे काढायची लांब पट्टी, टांगला होता. त्याच्यावर कुंकवाचं वाळलेलं बोट तसंच होतं.

"मॅडम, खंडेनवमीला इथे पूजा कुणी केली?"

त्यांनी ड्राफ्ट्समन पवारांना हाक मारली. पवार देवळाली प्रवऱ्याचे, सरळ माणूस.

"म्याच केली की! पेन्सिली नव्या हुत्या, म्हनून पहिला मान त्यांचा. पानी शिंपडलं, टोकाला हळदकुंकू लावलं."

"टोकालाच का पण?"

"मग कुठं लावनार? हत्याराला धारंलाच लावत्यात ना? आन मागनं फडक्यानं लख्ख पुसल्या बी."

बाहेरून लख्खच होत्या हो! ओलं कुंकू आत उतरून चिमट्यात वाळून बसलं होतं. मला इतकं हसू लोटलं की डोळ्यांत पाणी आलं. पवार बिचारे ओशाळले. त्यांना काय बोलणार? माझ्या लेथच्या मोटरवर तरी कुंकवाच्या बोटांशिवाय दुसरं काय होतं?

घरी येऊन सगळे मेकॅनिझम काढले, स्पिरिटमध्ये खळखळून धुतले आणि वाळवून परत बसवले. शनिवारी मॅडमनी एकेक पेन्सिल दाबून पाहिली, हट्टाने प्रत्येकीने रेघ मारली.

"मिठाई कॅन्सल," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारी सखाराम मिस्त्री टेम्पो घेऊनच दारात.

"आता न्हाई म्हनता व्हय? रिकामा टेम्पो नेऊ का म्या?" आधी ते तापले. मंगलने चहा दिला, मी पेन्सिल दाखवली. त्यांनी ती टकटक वाजवली आणि खिशाला लावली. "लई झ्याक हाय. माझ्याकडं शिसवीचे तुकडे पडल्यात, चुलीत घालतो आमी. धाडू का?"

तेव्हापासून कुणाचीही पेन्सिल बिघडून आली की मी आधी विचारतो, मधे कोणता सण झाला? मग टोक उघडतो.

शेडमध्ये दिवाळीच्या ऑर्डरचं पहिलं खोकं भरलं तेव्हा मंगल हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. बोट कुंकवात बुडवून पेन्सिलीकडे नेलंच होतं तिने.

"अगं ए, थांब!"

"मग काय, पूजाच करायची नाही?"

मी खोक्याचं झाकण लावलं. "आता कर."

तिने झाकणाला कुंकू लावलं. बोटाला उरलेलं घेऊन ती वळली आणि ते तिने लेथला लावलं.

"हा राहिला ना आपल्याकडे," ती म्हणाली.