हौसाआत्याचा अंगठा

आई गेल्यावर मला वाढवलं ते हौसाआत्यानं. तासगावात बेदाण्याच्या शेडवर बसून ती दिवसभर काड्या निवडायची. त्या मजुरीवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. नर्स झालो. सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात लागलो.

त्याच दवाखान्यात, खुब्याचं हाड मोडून, आत्या जनरल वॉर्डात पडून होती. भर दुपारी म्हणाली, “बाळा, भांडं दे रं. आता दम निघत न्हाई.”

मी बेडपॅन उचललं. तेवढ्यात स्पेशल रूमची घंटा वाजली. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “ब्रदर, आधी तिकडं जा. त्यांचा फॉर्म चांगला आला पाहिजे.”

फॉर्म म्हणजे घरी जाताना पेशंटनं भरायचा कागद. सेवा कशी वाटली? उत्तम, बरी, वाईट.

मी बेडपॅन खाली ठेवलं. गेलो.

स्पेशलमधल्या बागाईतदारांना उशी सरळ करून हवी होती. मी वाकलो तसं त्यांनी नाक धरलं. “जनरलमधनं आलास व्हय? वास मारतोय. जा, हात धुऊन ये.” पाहुणे हसले. मी हात धुतले. “परत धू.” परत धुतले. वर ‘सॉरी सर’ म्हणालो.

आलो तेव्हा आत्याची गादी भिजली होती. चादर तोंडावर ओढून ती म्हणाली, “माझंच चुकलं रं. जरा कळ काढाय पायजे हुती.”

डिस्चार्जच्या दिवशी तिचा फॉर्म मीच भरला. लिहिता न येणाऱ्यांचे फॉर्म आम्हीच भरायचो. सगळीकडं ‘उत्तम’. खाली तिचा अंगठा, काड्या खुडून चिरलेला. शाई मी लावली.

“काय लिवलंस?”

“सेवा उत्तम.”

“बरं केलंस. तुझी नोकरी ऱ्हाईल.”

त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवताना माझ्याच हाताकडं बघवेना. फोन केला असता, तर ती ‘जाऊ दे रं’ म्हणाली असती. म्हणून पत्र लिहिलं. शेजारच्या बाई तिला वाचून दाखवतील.

“आत्या,

तुझं काही चुकलं नाही. भांडं माझ्या हातात होतं, मी खाली ठेवलं. वर तुझ्या अंगठ्यावर खोटं लिहिलं. आज सिस्टरांना सांगून आलोय, यापुढं पेशंट सांगेल तेच लिहीन, आणि हातातलं भांडं ठेवून घंटेमागं पळणार नाही. त्या म्हणाल्या, ‘मग दुसरीकडं बघा.’ बघेन.

रविवारी कोरा फॉर्म घेऊन येतोय. तू सांगायचं, मी लिहायचं. त्यात नर्सचं नाव विचारलंय, तिथं माझं लिहीन. माझी गय करू नकोस.”