मातांच्या सभेतला म्हातारा

शाळेच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, ‘मुलींच्या आरोग्याची सभा, फक्त मातांसाठी’. माझी लेक जाऊन तीन वर्षं झाली. जावयाने दुसरं लग्न केलं, आणि नात माझ्याकडे नाचणगावात. बायको तर लेकीच्याही आधी गेली. आता माता आणायची कुठून? गेलो मीच.

खरं सांगतो, हौस नव्हती. नातीला पाळी सुरू होऊन चारच महिने झाले होते. पॅडची पाकिटं मीच आणतो, तिच्या कपाटात ठेवतो. बोलत कोणीच नाही. या खेपेला चौथं पाकीट संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बारावा दिवस आहे. पोरगी पांढरीफटक पडली होती. विचारलं की एकच उत्तर, "काही नाई, आबाजी." भीतीने माझा जीव अर्धा झाला होता.

वर्गात तीस-चाळीस बाया, पुढे एक नर्सबाई. मी मागच्या बाकावर टेकलो तर सगळ्या चिडीचूप. नर्सबाई म्हणाली, "काका, बाहेर बसता का? तुमच्यासमोर बाया बोलून नाई राह्यल्या." तिचं चूक नव्हतं. बिचाऱ्यांना कधी नव्हे तो बोलायचा दिवस मिळालेला, आणि मी तिथे धोंड होऊन बसलो. तरी डोकं फिरलंच माझं. एक तर या गुडघ्यांमुळे उठायलाच मिनिट लागतं.

"जातो बाई," म्हटलं, "पण एक सांगा. बारा-बारा दिवस रक्त जातं, हे बरोबर आहे का?"

कोणी हसलं नाही. "उद्याच दवाखान्यात न्या," नर्सबाई म्हणाली. मी दाराशी पोचलो तोच मागून एक बाई बोलली, "माह्या पोरीचं तर पंधरा दिवस राह्यते."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नात दारातच उभी. "आबाजी, सगळ्यांसमोर काऊन विचारलं? आता मी शाळेत कशी जाऊ?" रडली, जेवली नाही. मी तरी कोणाला विचारायचं होतं? या वयात हे सगळं नव्याने शिकायचं म्हणजे जीव थकतो हो.

सकाळी तिला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कोणत्या तारखेला आली?" नात फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबाजीले विचारा. त्याईले माहीत आहे."

मी तारीख सांगितली. जरा बरंच वाटलं मला.

"हिच्या आईला असा त्रास होता का?" बाईंनी पुढे विचारलं. "घरात कोणाला असेल तर इलाज ठरवायला सोपं जातं."

नातीने पहिल्यांदाच मान वर केली. "सांगा ना, आबाजी. आईले होत होतं का असं?"

तिची आई माझ्या घरात बावीस वर्षं वाढली. एका ताटात जेवलो आम्ही.

"मले नाई माहीत," मी म्हणालो.