बटणांवरून घेतलेली जॉयस्टिक

माझी आत्या दात करते. ती डॉक्टर नाही. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि आत्या त्या मापावर कवळी बनवते. एका जुन्या इमारतीच्या तळघरात लॅब आहे, तिथे ती आणि आणखी तिघीजणी तोंडाला फडकं बांधून मेण वितळवत, प्लास्टर घासत बसतात. समोर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले. गल्लीत सगळे तिला कवळीबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाकीचे त्याच्या नोकरीची चौकशी करत होते. आत्याने त्याला हसायला लावलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडची अक्कलदाढ काढून घ्या, छळेल." वर्षभरात छळली.

लग्न तिने केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती सांगते, "दिवसभर तोंडंच बघते. घरी आणखी एक कशाला?" 

अशी ही बाई, निवृत्तीला आलेली, एक दिवस मला फोन करून म्हणाली की तिला जॉयस्टिक घ्यायची आहे. विमानाची नव्हे. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये असायची तसली: एक जड डबा, डावीकडे गोळा लावलेली दांडी, उजवीकडे बटणं. लॅबमधल्या एकीने घरातलं जुनं गेमचं यंत्र तिला देऊन टाकलं होतं आणि त्यात आत्याच्या शाळेच्या दिवसांतला गेम निघाला होता. यंत्राबरोबर दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर होता, तो तिने एका संध्याकाळी वापरून कपाटावर फेकला. "अंगठा शिक्का मारायला असतो," ती म्हणाली. "मला बटणं पाहिजेत. बटणं."

या गेमची हकीकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. किल्ला, किल्ल्यात शिरलेला एक शिपाई, खड्डे, वटवाघळं, आणि सगळ्यात शेवटी एक लाल दरवाजा. आत्या आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, शाळा सुटली की पार्लरमध्ये पळायचे. दरवाजापर्यंत ते एकदाच पोचले, आणि नेमकी वीज गेली. त्यानंतर काही दिवसांत पार्लर उठलं आणि तिथे चपलांचं दुकान आलं. दरवाजाच्या आत काय आहे हे आत्याला अजून माहीत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय आपण मरणार नाही असं तिने मला बजावलं. मी म्हटलं, मग न कळलेलंच बरं. त्यावर तिने फोन आपटला.

बाबांना खेळायला बोलवायचा प्रश्नच नव्हता, कारण दोघांचं बोलणं बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल. बाबांचे पुढचे दात गेले तेव्हा आत्याने त्यांना कवळी करून दिली. रात्री जागून, भावाची म्हणून, रंगसुद्धा त्याच्या जुन्या दातांसारखा किंचित पिवळट. पुढे एका लग्नात बाबा माइकवर दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच शब्दाला कवळी निसटून वधूच्या ताटलीत पडली. बाबांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि माइकवरच म्हणाले, "आमच्या ताईची कारागिरी." मंडप हसून लोळला. आत्या जेवण अर्धवट टाकून उठली. बाबांनी नंतर दुसऱ्या लॅबमधून कवळी करून घेतली, आणि ही गोष्ट तिला त्या विनोदापेक्षा जास्त लागली. तेव्हापासून दोघंही माझ्यामार्फत बोलतात. मी बँकेत नोकरी करते, पण खरं काम हे.

तर खरेदी. आत्याचं बजेट दिवाळं निघालेल्या माणसाचं असतं तसलं होतं. मी थोडे पैसे घालते म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट परत आत ठेवलं. दुकानदार मात्र सज्जन होता. त्याने तिच्या पैशांत बसणारे दोन डबे काउंटरवर मांडले आणि समजावू लागला. दांडीला खाली खाच असते. चौकोनी असली तर हाताला कोपरे कळतात, आठकोनी असली तर तिरकं जाणं सोपं पडतं. स्प्रिंग सैल असली तर बोटाने हलते, कडक असली तर मनगट लावावं लागतं. आत्या ऐकतच नव्हती. तिने स्टूल ओढलं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी बटणं दाबायला लागली. एकेक बटण. हळू, जोरात, दोन एकदम, तीन ओळीने. लॅबमध्ये दात वर-खाली मिटतात की नाही बघते तशी कान लावून ऐकत होती. पहिल्या डब्याची बटणं तिला आवडली. दुसऱ्याची तिने एकदाच दाबली आणि नाक मुरडलं. "भिजलेला पुठ्ठा," म्हणाली.

दुकानदार अदबीने म्हणाला, "बाई, दांडी पण हलवून बघा ना."

"असेल बरी," आत्या म्हणाली.

"बटणं पुढे बदलता येतात. दांडी चांगली घ्या, असं मी सांगेन."

"तुम्ही खेळणार आहात की मी?"

त्याने हात टेकले. आम्ही पहिला डबा घेऊन घरी आलो. आयुष्यभर चार दशांश मिलिमीटरवर भांडणाऱ्या बाईने जॉयस्टिक घेतली आणि तिची स्टिक हातात धरूनसुद्धा पाहिली नाही, याचं मला नवल वाटलं. पण आत्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

घरी तिने डबा मांडीवर घेतला आणि गेम सुरू केला. पुढे जे झालं ते बघवेना. शिपाई तलवार तर अशी चालवत होता की वटवाघळांची खैर नाही. उडी अचूक, वार अचूक. फक्त जायचं कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून तलवार चालवायचा, भिंतीवर उडी मारायचा आणि मग मागच्या खड्ड्यात पडायचा. आत्याचा डावा हात दांडीवर होता खरा, पण एखाद्या पाहुण्याने परक्या घरात बसावं तसा. उजवीकडे जायचं तर तिचं सगळं अंग उजवीकडे कलायचं आणि हात तिथेच राहायचा.

"आत्या," मी म्हटलं, "तू कधी दांडी धरलीच नाहीस का?"

शिपाई पुन्हा खड्ड्यात.

"नाणं एकच असायचं ना गं," ती शेवटी म्हणाली. "दोघांत एक. तो लहान, त्याला दांडी दिली नाही तर पार्लर डोक्यावर घ्यायचा. मग तो चालवायचा आणि मी मारायची. तो वळला की मला न बघता कळायचं." मग तिने डबा खाली ठेवला. "अर्धंच येतं मला."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि बाबांचा भयंकर राग आला. तशीच उठून त्यांच्याकडे गेले.

बाबांनी जन्मभर बांधकामावरची उंच क्रेन चालवली. दोन्ही हातांत दोन दांड्या, खाली मुंग्यांएवढी माणसं. निवृत्तीच्या मुदतीआधीच त्यांनी काम सोडलं. का, असं विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." आता ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि समोरच्या इमारतीवरच्या क्रेनवाल्याच्या चुका काढतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि म्हणाले, "मला वेळ नाही."

"बाबा, तुम्ही सकाळपासून एका कबुतराला हाकलताय."

"तिला सांग, आमच्या वयाला शोभत नाही हे."

"तिने दांडी न बघता डबा घेतलाय. नुसत्या बटणांवरून."

हा बाण लागला. बाबा खुर्चीत सरळ झाले. "न बघता? दांडी न बघता? खाच कसली आहे? स्प्रिंग?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते चपला शोधायला लागले. "फक्त बघून येतो," म्हणाले. "खेळणार नाही."

आत्याने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याला विचार, चहा घेणार का."

"हिला सांग, अर्धा कप."

"याला विचार, कवळी बसली का नीट नव्या लॅबची."

बाबांनी जीभ दातांवरून फिरवली. "हिला सांग, टोचते."

आत्याच्या चेहऱ्यावर जो काही आनंद पसरला तो लपवायला ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, संपलं, जमलं यांचं. चहा झाला आणि दोघं टीव्हीसमोर सतरंजीवर बसले, डबा मध्ये, बाबा डावीकडे, आत्या उजवीकडे. कुठे बसायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दोघं मिळून शंभराच्या वरचे असतील, पण गुडघे एकमेकांना लावून बसले होते.

बाबांनी खिशातला हात काढला आणि दांडी धरली.

शिपाई वेडा झाला. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बसला, उठला, जागच्या जागी थरथरला. मला हसू फुटलं. "अहो बाबा, नाचवताय काय त्याला?" मग माझी नजर पडद्यावरून त्यांच्या हातावर गेली. त्यांचा हात थरथरत होता. ते मनगट घट्ट आवळून तो थांबवू बघत होते आणि तो थांबत नव्हता. क्रेन का सोडली ते मला त्या क्षणी कळलं. दर रविवारी मी त्यांच्या घरी जाते, आणि त्यांनी हा हात माझ्यापासून खिशात लपवून ठेवला होता. मी मुलगी आणि मला पत्ता नाही. स्वतःचाच संताप आला.

आत्याने पण पाहिलं होतं. तिने न पाहणं शक्यच नव्हतं. तिचं पोटच हातांच्या कामावर चालतं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर डॉक्टरांची नावं सांगायला लागेल. ती पडद्याकडेच बघत राहिली. शिपाई खड्ड्यात गेला तशी तिने डबा उचलला, उलटा केला, खालून टकटक वाजवला आणि फटकन म्हणाली, "भिकार दांडी दिलीय मेल्याने. वाऱ्यानेसुद्धा हलते."

"ताई," बाबा म्हणाले. किती तरी काळाने थेट तिला. "दांडीचं नाही गं ते."

"तुला काय कळतंय? उद्या बदलून आणू. तू पण चल, माझा त्या माणसावर विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात. आत्याने पहिला डबा काउंटरवर ठेवला आणि बदलून मागितला. दुकानदाराने निमूटपणे दुसरा पुढे केला, भिजल्या पुठ्ठ्याच्या बटणांचा. वरच्या फळीवर दांडी आणि बटणं दोन्ही उत्तम असलेला एक डबा होता, पण त्याची किंमत वाचून आत्याने चष्मा काढून ठेवला. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "तू गप्प बस."

या वेळी तिने बटणांना हातसुद्धा लावला नाही. "तू धर," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात आणखी दोनचार गिऱ्हाइकं होती. त्यांनी हात बाहेर काढला आणि दांडी धरली. हात थरथरत होताच. दुकानदाराने डबा पडद्याला जोडला होता. पडद्यावरचा पुतळा शांत उभा होता. बाबांनी मनगट लावून उजवीकडे ढकललं. पुतळा उजवीकडे चालू लागला, सरळ, न अडखळता. सोडलं, थांबला.

"कडक स्प्रिंग आहे," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. त्यालाही समजलं असावं. "बारीकसारीक हलण्याने लागत नाही. मनापासून ढकललं तरच जाते."

बाबा पुतळ्याला इकडून तिकडे, तिकडून इकडे चालवत राहिले. कितीतरी वेळ. आम्हांला कुणालाच घाई नव्हती.

"हाच द्या," आत्या म्हणाली.

"पण बाई, याची बटणं तुम्हांला..." दुकानदार घुटमळला. "तुम्हीच म्हणाला होतात."

"अगं, नको," बाबा म्हणाले. त्यांनी दांडी सोडली, हात परत खिशाकडे गेला. "तुझ्यासाठी घेतेयस ना? तुझी बटणं बघ. माझं काय, मला आता पूर्वीसारखं नाही जमत."

आत्याने त्यांचा हात मनगटाला धरून खिशातून ओढून काढला आणि चारचौघांत पुन्हा दांडीवर ठेवला.

"तू नुसतं वळ," ती म्हणाली. "बटणं कसली का असेनात, मी दाबते."