हजर एक, सिक एक

माझ्या पायाचं हाड मोडलं, ही बातमी मी घरच्या सगळ्यांना लष्करी पद्धतीने ताबडतोब कळवली. त्यामुळे ती कोणालाच कळली नाही.

फौजेत मी बावीस वर्षं क्लार्क होतो. बंदूक धरली ती वर्षातून एकदा, फायरिंगच्या दिवशी. एरवी शब्दांचीच काटछाट. तिथे पूर्ण शब्द लिहिणारा क्लार्क नवखा समजला जातो (आणि पूर्ण वाक्य लिहिणारा सिव्हिलियन!). निवृत्त होऊन नेरला घर बांधलं, तरी जित्याची खोड जाईना. किराण्याची यादी मी अशी लिहायचो की दुकानदार ती घेऊन कमलकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, अर्थ विचारायला यायचा. माझी लघुरूपं वाचता येणारी ती जगातली एकमेव सिव्हिलियन. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

तेव्हापासून रोज सकाळी बरोबर सातला मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परेड स्टेट पाठवतो. पलटणीत रोज द्यावा लागतो तसा हजेरीचा तक्ता: ‘स्ट्रें १, प्रे १, सिक निल, एनटीआर.’ म्हणजे घरात माणसं एक, हजर एक, आजारी कोणी नाही, कळवण्यासारखं काही नाही. त्यावर नागपूरची मुलगी सारिका, जावई, पुण्याचा मुलगा प्रकाश आणि सून असे चार अंगठे येतात. मग दिवसभर माझ्याशी बोलायला कोणी नसतं. पण त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

एका सोमवारी भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं. रिपोर्ट सातला म्हणजे सातला! स्टुलावर चढलो. पुढच्याच क्षणी स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे, आणि घड्याळ तेवढं जागच्या जागी. घोटा डोळ्यांदेखत फुगायला लागला. अशा वेळी शहाणा माणूस मुलीला फोन करतो. मी फरशीवर बसून लिहिलं: ‘स्ट्रें १, प्रे १, सिक १. उ पा फ्रॅ. कारण स्टू. मदत अपे.’ उजव्या पायाला फ्रॅक्चर, कारण स्टूल, मदत अपेक्षित. याहून स्पष्ट काय लिहायचं असतं?

मिनिटभरात चार अंगठे आले. जावयांनी तर शिवाय हात जोडले.

फोन अजूनही करता आला असता. पण पाठवलेला रिपोर्ट पुन्हा तोंडी समजावून सांगायचा, हे क्लार्कच्या इभ्रतीला शोभत नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि रडूही येत होतं.

दहाच्या सुमारास शेजारच्या सुमनताई नळ आल्याचं सांगायला डोकावल्या.

“भाऊ, पाय भोपळ्यावानी सुजून राह्यला तुमचा. पोराईले सांगतलं काय?”

“सांगतलं.”

“मंग काय म्हणते ते?”

“पोच आली.”

त्यांनी कपाळाला हात लावला, ऑटो बोलावला आणि मला यवतमाळला नेऊन प्लास्टर घालून आणलं.

दुसऱ्या दिवशी मी रुसलो. बावीस वर्षांत न केलेला गुन्हा केला: सातला रिपोर्ट पाठवला नाही. सात वाजून पाच मिनिटांनी सारिकाचा फोन. उचलला नाही. दहा मिनिटांनी प्रकाशचा. साडेसातपर्यंत सुमनताईंच्या फोनला उसंत नव्हती. त्यांनी सगळं सांगून टाकलं, माझ्या रुसव्यासकट. दुपारी सारिका आणि जावई आले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची जोडी.

माझं प्लास्टर बघून सारिका रडायलाच लागली. मी मोबाइल पुढे करून तिला पुरावा दाखवला.

“बाबा, मी वाचतच नाही ते,” ती म्हणाली. “सातले तुमचा मेसेज आला म्हंजे बाबा हायेत, एवढंच पाह्यते. आता काही असलं तं साध्या मराठीत लिहत जा.”

तीन वर्षं मी एकटाच रिपोर्ट लिहीत होतो आणि एकटाच वाचत होतो. पण न आलेला रिपोर्ट मात्र चौघांनीही लगेच वाचला होता. मला फार बरं वाटलं.

पुढचे चार दिवस घर भरलेलं होतं. मी आतल्या खाटेवरून ‘स्ट्रें ५, प्रे ५’ पाठवायचो आणि बाहेरच्या खोलीत चार फोन एकदम वाजायचे. मग सारिका तेवढी राहिली, आणि पाचाचे दोन झाले. प्लास्टर निघाल्यावर सारिका मला नागपूरला चला म्हणून मागे लागली. मी ऐटीत सांगितलं, पोस्ट सोडायची नसते. ती गेली, आणि दोनाचा एक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या मराठीत लिहायला बसलो. ‘करमत नाही.’ दोनच शब्द. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मुलांना असं कसं पाठवायचं? सात वाजायला आले तेव्हा घाईघाईने पाठवलं: ‘स्ट्रें १, प्रे १, सिक निल. क. ना.’

चार अंगठे आले. पण या वेळी पाठोपाठ सारिकाचा फोनही आला.

“बाबा, आज वाचलं मी. हे क. ना. म्हंजे काय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “रूटीन आहे.”