चोवीस वर्षांनी परतलेला प्रवासी

शहाण्णव साली मी नाशिकच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. शनिवारी शेवटच्या तासाला मी मुलांना मोरोक्कोच्या एका मुसलमान प्रवाशाची हकिगत सांगायला घेतली. सातशे वर्षांपूर्वी, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो मक्केला म्हणून निघाला आणि पुढे जातच राहिला. फळ्यावर नकाशा काढून मी त्याची वाट दर शनिवारी खडूने थोडी पुढे न्यायची. तो दौलताबादला पोचला तेव्हा वर्गात गलका झाला, कारण सहलीत आम्ही तो किल्ला पाहिला होता.

चौथ्या शनिवारी तो घरी परतला, चोवीस वर्षांनी. वर्गात मखमलाबादकडून येणारी एक मुलगी होती, घरी झेंडूची शेती. तिने विचारलं, त्याला त्याची आई भेटली का? खरं तर तो पोचायच्या काही महिने आधीच ती साथीत गेली होती. पण घंटा व्हायला आली होती. मी म्हटलं, भेटली.

सोमवारी मुलीची आई बाजारात फुलं पोचवून तशीच शाळेत आली. तिचा थोरला मुलगा दोन वर्षांपासून सौदीत वेल्डर होता, त्याला सुटी मिळत नव्हती.

"पोरीनं सांगितलं, चोवीस वर्षांनी आला तरी आई भेटली त्याला," ती म्हणाली. "लय बरं वाटलं, बाई."

मला राहवेना. मी खरं काय ते सांगितलं. मग तिने त्या प्रवाशाच्या बापाचं विचारलं. तोही कितीतरी आधी गेल्याचं आणि मुलाला ते परक्या गावात कळल्याचं मी सांगितलं.

"पोरीला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाय व्हायचं."

पुढच्या शनिवारी मी वर्गासमोर चूक कबूल केली. मुलगी रडली नाही. त्याने घरी पत्र का पाठवलं नाही, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, तेव्हा आजच्यासारखं टपाल नव्हतं, त्या बाजूला जाणारं कुणी भेटलं तरच निरोप जायचा.

दोन दिवसांनी तिने परदेशी टपालाचा निळा कागद आणला. मजकूर तिने लिहून चिकटवून टाकला होता, मी फक्त इंग्रजीत भावाचा पत्ता घातला.

मे महिन्यात भाऊ आला. आई त्याला पेढे घेऊन माझ्या घरी घेऊन आली. पत्रात काय होतं, ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, दोनच ओळी होत्या: "आई अजून बरी आहे. तू सुटी माग."